न तपासलेलं बटण

भोर,
नोव्हेंबरअखेर

प्रिय प्रेरणा,

हे पाकीट हातात पडलं की तू ते आधी उलटंसुलटं करून बघशील आणि मग म्हणशील, नबीलाला वेड लागलं. मोबाईल असताना टालिनला कागद कोण पाठवतं! काल पोस्टात चौकशीला गेले, तर तिथल्या बाईंनीही हेच विचारलं. वर टालिन कुठल्या तालुक्यात येतं, असंही विचारलं. मी म्हटलं, फार लांबच्या. पण खरं सांगते, मोबाईलवर मी काहीही लिहिलं की तू अंगठा दाखवतेस. दुकानात नळाचं पाणी शिरलं, अंगठा. अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, अंगठा. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून कागद.

दुकान चालू आहे. पाटीवर 'एन. पी. कॉम्प्युटर्स'च आहे अजून. पावसाळ्यात तुझा 'पी' एका खिळ्यावर लोंबायला लागला होता. अल्ताफ म्हणाला, आपा, पडतोच आहे तर काढून टाक की, दुकान तुझ्या एकटीचं तर आहे. मी स्टुलावर चढले आणि त्याला दोन स्क्रू जास्तीचे मारले. अल्ताफने आता नसरापूरला हायवेजवळ गाळा घेतलाय, मोबाईलची कव्हरं विकतो, आणि मीही तिकडे यावं म्हणून मागे लागलाय. अम्मीने मात्र माझ्या मागे लागणं सोडलं. पूर्वी जेवताना स्थळांची नावं घ्यायची, आता फक्त भाकरी वाढते. तुला वाटेल बरं झालं. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

दिवसभर माणसं येतात. प्रिंट काढून द्या, पासवर्ड विसरलो, ताई हे पाण्यात पडलंय. बोलणं भरपूर होतं गं, भांडण होत नाही. तू शेजारच्या टेबलावर बसून माझ्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला नाक मुरडायचीस, आणि मी तुझ्या. आता मी जे लिहीन ते बरोबरच असतं, कारण चूक म्हणायला कोणी नाही. मला तुझी फार आठवण येते आणि त्याचा मला रागही येतो. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

काकांच्या डब्याची गोष्ट तुला तुकड्यातुकड्यांनी कळली आहे. मला ती सलग सांगायची आहे, आणि सुरुवातीपासून, कारण मधली एक गोष्ट आपण दोघींनी चुकीची वाचली.

तुला तो दिवस आठवतो ना? गळ्याच्या ऑपरेशननंतर काकांचा आवाज कायमचा जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आपण दोघी लॅपटॉप घेऊन वेल्ह्याच्या वर वाडीला तुझ्या आईवडिलांकडे गेलो होतो, आवाज आहे तोवर भरून घ्यायला. तू शब्द ठरवून नेले होतेस. 'मला पाणी हवं आहे.' 'माझं पोट दुखतं आहे.' काकांनी ते शाळेतल्या पोरासारखे म्हणून दाखवले आणि मग रतनकाकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. 'ह्ये कोन बोलतंय? आमचं मालक पानी मागत्यात व्हय असं? कोन हाय का घरात, म्हनलं की म्या तांब्या देते.' मग आपण तुझे शब्द बाजूला ठेवले आणि काका जसे बोलतात तसंच भरलं. 'कोन हाय का घरात' म्हणजे पाणी. 'ऐकलं का' म्हणजे काकू. 'च्या टाक.' म्हशीसाठी 'चंद्रेऽऽ'. आणि सगळ्यात शेवटी तुझं नाव.

तू तेव्हा आत गेली होतीस, चार्जर आणायला. काका अंगणाच्या कडेला गेले, खालच्या भातखाचरांकडे तोंड केलं, जणू तू तिथं लावणीला उभी आहेस, आणि ओरडले, 'पेरनाऽऽ! ए पेरनाऽऽ!' लॅपटॉपवरची आवाजाची पट्टी लाल होऊन वर चिकटली. आणि तू आतून, काही न कळता, सवयीने ओरडलीस, 'आऽऽले!' मग दारात येऊन थबकलीस. आपण सगळेच हसलो. दुसऱ्या दिवशी काकांना पुण्याला नेलं.

नंतर दुकानात बसून तू तुझं 'आले' त्यातून पुसलंस, पण हाकेनंतरची मोकळी जागा तशीच ठेवलीस. म्हणालीस, लगेच तोडलं तर हाक मध्येच कापल्यासारखी वाटते. मग आपण डबा केला. बटणांची ओळ, आत हाताएवढं बोर्ड, वर स्पीकर, गळ्यात अडकवायला दोरी. शेवटचं लाल बटण तुझ्या नावाचं. काकांनी तो डबा गळ्यात घातला आणि काही महिन्यांतच तू निघालीस.

त्या दिवशीचं मी कधी काढलं नाही, आज काढते. जीप उभी होती, काकू रडत होत्या, तू काकांच्या पाया पडलीस आणि त्यांच्या छातीवरच्या डब्याकडे बघत राहिलीस. काकांनी एकही बटण दाबलं नाही. तू वळून वळून बघत होतीस आणि ते कुंपणाशी नुसते उभे. नसरापूर फाट्यावर पुण्याची एस.टी. दिसली तेव्हा म्हणालीस, एक बटण दाबायला काय झालं होतं त्यांना? तू परदेशी जाऊ नयेस असं त्यांना वाटत होतं, हे दोघींना ठाऊक होतं. त्यामुळे ते रागावलेत असं तू धरून चाललीस, आणि मीही.

यंदा श्रावणात डब्यात मुंग्या गेल्या. आत उबदार असतं ना, चक्क अंडी घातली त्यांनी. बोर्ड जळालं. काकू टेकडावर रेंज येते तिथं जाऊन मला फोन करून म्हणाल्या, 'नबीला, मालक पुन्ना मुकं झालं गं.' जुन्या जातीचं बोर्ड आता मिळत नाही. पुण्याहून जे आणलं ते दिसायला तसंच, पण आतली चिप निराळी. म्हणजे प्रोग्रॅम नव्याने बांधणं आलं. आणि इथं येऊन मी अडकले.

आता पुढचं तुला सांगण्याची गरज नाही. हे सगळं मला तूच शिकवलंस. पण ऐकून घेणारं दुसरं कोणी नाही, म्हणून तुलाच सांगते. काल अब्बांना सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, प्रोग्रॅम मी माझ्या लॅपटॉपवर बांधते, पण तो माझ्या लॅपटॉपवर चालतच नाही, त्या डब्यातच चालतो. अब्बा म्हणाले, मग चालतो की नाही हे तुला इथं बसून कसं कळतं? म्हटलं, कळत नाही, तिकडे नेल्यावरच कळतं. यावर अब्बा म्हणाले, मोठं कठीण काम आहे बेटा तुझं.

तर प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या दोन टूलचेन माझ्यासमोर. नावं अगदी सारखी, फक्त शेवटचं शेपूट वेगळं, एकीचं मसल आणि दुसरीचं ग्नू. तू त्यांना नावं ठेवली होतीस, आठवतं? पहिली 'बिऱ्हाडवाली'. ती प्रोग्रॅम बांधते तेव्हा त्याला लागणारं सगळं सामान त्याच्याच पोटात भरून देते. मग तो कुठल्याही घरी उतरू दे, कुणाकडे काही मागत नाही. दुसरी 'पाहुणी'. तिचा प्रोग्रॅम सडाफटिंग निघतो, लहानसा. लागेल ते ज्या घरी उतरेल त्या घरचं वापरतो. त्या घरी ते नसलं, किंवा जुन्या वळणाचं असलं, तर दारातूनच परत. आपली यावरून केवढी भांडणं व्हायची! तू नेहमी बिऱ्हाडवालीच्या बाजूने. कुणावर अवलंबून राहायचं नाही, तुझं तत्त्वच ते. मी म्हणायचे, बाई, शेजारच्या घरी साखर असताना आपली गोणी वाहून का न्यायची?

यंदा भांडायला तू नव्हतीस, तर मी तुझीच बाजू घेतली. बिऱ्हाडवाली निवडली. वाडीला ना इंटरनेट, ना दुरुस्तीला माणूस, तिथं जे जाईल ते आपल्या पायावर उभं राहणारं हवं. बांधलं. पण नव्या बोर्डाला मेमरी कार्डाची खाच नाही आणि त्याच्या पोटातली जागा तोकडी. सगळं सामान भरल्यावर काकांचा एक आवाज बाहेर राहत होता. एकच. तू म्हणशील, आवाज दाबून लहान करायचे. केले ना! काकांच्या बोलण्यातली खरखर गेली, कुणीतरी गुळगुळीत माणूस 'च्या टाक' म्हणायला लागला. शांत जागा कापून पाहिल्या, तरी पुरेना.

म्हणून तुला विचारलं, कुठला आवाज काढू? आणि तूच प्रोग्रॅममध्ये ठेवलेली मोजणी जुन्या कार्डावरून काढून सोबत पाठवली. कुठलं बटण किती वेळा दाबलं गेलं, म्हणजे कुठलं आधी झिजेल ते कळावं, यासाठी होती ती. मी फारशी बघितलीही नव्हती. तू बघितलीस. त्या दिवशी पहिल्यांदा अंगठा आला नाही. तू लिहिलंस, 'माझं काढ. तिथं शून्य आहे.'

मी तो फोन पालथा ठेवला आणि एका मुलाचा निकाल छापून दिला. मग तू सांगितलंस तसं केलं. तुझी हाक काढली, लाल बटणाच्या भोकावर काळं टोपण बसवलं आणि भात कापणीच्या दिवसांत वेल्ह्याची एस.टी. धरली.

काका अंगणात भारे रचत होते. गळ्याला पंचा गुंडाळलेला. मला बघून हसले, हात पुसून दोरी गळ्यात घातली. 'ऐकलं का' दाबलं. काकू चुलीपुढून उठून आल्या आणि डोळे टिपत म्हणाल्या, 'आलं बया आलं, मालकाचं त्वांड परत आलं.' मग 'चंद्रेऽऽ'. ती खालच्या बांधाला चरत होती. इतके दिवस काकू तिला हाका मारून दमत होत्या, म्हैस ढिम्म. आता मान वर करून सरळ चालत आली आणि डब्यालाच हुंगायला लागली. मला हसू आवरेना. त्या क्षणी तू असायला हवी होतीस, प्रेरणा. मी शेजारी बघितलंसुद्धा.

मग काकांचं बोट ओळीवरून सरकत शेवटी गेलं आणि टोपणापाशी थांबलं. त्यांनी ते चाचपलं, नखाने उचकटून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काका, जागा पुरत नव्हती, हे बटण तुम्ही कधी दाबलंच नव्हतं, म्हणून काढलं. काकांनी गळ्यातून डबा काढला. तोडल्यासारखा नाही, हळूच. माझ्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा भारे रचायला गेले. मी हाक मारली तरी वळले नाहीत. मला वाटलं, माझं काहीतरी फार चुकलंय, आणि काय ते समजेना.

समजावलं काकूंनी. त्यांच्या माळ्यावर एक टेप आहे, तुला ठाऊकच असणार. तुझ्या हनुमंत चुलत्यांनी भजनात म्हटलेली एक कॅसेट होती. ते गेल्यावर काका ती रोज लावायचे. लावून लावून आवाज बारीक झाला, मग घोगरा, मग नुसती खसखस. काकू म्हणाल्या, 'तवापासनं ह्यांच्या डोक्यात बसलंय, आवाज वापरला की झिजतो. च्या टाक झिजलं तर झिजू द्या, त्ये काय, म्या न बोलता टाकते. पन पेरनाची हाक न्हाई झिजू द्यायची. ती आली म्हंजी तिला मारायची.' मी विचारलं, मग ती निघाली त्या दिवशी का नाही दाबलं? काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला साधी रीत ठाऊक नाही. 'अगं, निघालेल्या मानसाला मागनं हाक मारत्यात व्हय कुनी? लेक येवढ्या लांब चाललेली! बोट तर व्हतं की बटनावर. सोताचंच मनगाट धरून उभं व्हतं हे.'

मी तिथं जोत्यावर बसले आणि रडले. काकूंनी रडू दिलं, आणि मग चहा दिला.

डबा घेऊन भोरला परत आले. बिऱ्हाडवालीचा नाद सोडला आणि पाहुणीला बसवलं. प्रोग्रॅम लहान झाला, सगळे आवाज मावले, तुझी हाक तिच्या मोकळ्या जागेसकट. पण बोर्डावर चढवला तर सुरूच होईना. माझा लॅपटॉप नवा, त्यावरची टूलचेन नवी. तिचा प्रोग्रॅम बोर्डाकडे नव्या वळणाचं सामान मागत होता आणि बोर्डाच्या घरात सगळं जुन्या वळणाचं. बरेच दिवस डोकं आपटलं. मग आठवलं, तुझा जुना कॉम्प्युटर. मागच्या टेबलावर चादर टाकून ठेवलाय मी. तू गेल्यापासून त्याला काही नवं चढवलेलं नाही. त्यावर पाहुणीच आहे, तीच, पण तेव्हाची, त्या बोर्डाच्या घराला ओळखणारी. चादर काढली. तुझ्या कीबोर्डवरचं एन पुसलं गेलंय, ठाऊक आहे तुला? एवढ्या वेळा माझं नाव घेऊन कुणाला काय लिहीत होतीस, देव जाणे. त्यावर बांधला, बोर्डावर चढवला आणि 'च्या टाक' म्हणत सुरू झाला. मी टाळी द्यायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

म्हणजे शेवटी मी जिंकले, हे तुला कळवणं भाग आहे. शेजारच्या घरी साखर होती.

परवा डबा पोचवून आले. लाल बटण पुन्हा जागेवर. दुकानात मी बाकीची सगळी बटणं तपासली होती, पण त्या लाल बटणाकडे हात गेला नाही. वाटलं, निदान काकांसमोर तपासावं. हाक चालते ना, एवढं बघावं, आणि तुला मोबाईलवर भरूनही पाठवावी. मी मोबाईल काढला, बोट पुढे केलं. काकांनी लाल बटणावर तळहात ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली. मग मोबाईलकडे बोट दाखवून पुन्हा मान हलवली. मग हात लांब करून खालच्या रस्त्याकडे दाखवलं, जिथं जीप येऊन थांबते तिथं.

तर हे पत्र त्यासाठी आहे. कुठलंही काम न तपासता हातावेगळं करायचं नाही, हा आपल्या दुकानाचा नियम तूच घातला होतास, आणि तो मी परवा पहिल्यांदा मोडला. ते बटण दाबल्यावर हाक येईल की नुसती खसखस, मला खरंच माहीत नाही. इथं बसून ते कळणारही नाही, आणि तिथं बसून तुलाही नाही. काका दुसऱ्या कुणाला ते तपासू देणार नाहीत. हाकेनंतरची मोकळी जागा मी तेवढीच ठेवली आहे, तू ठेवली होतीस तेवढी. जीपमधून उतर, कुंपणाशी ये आणि त्यांनी बटण दाबलं की त्या जागेत जे म्हणायचं ते म्हण. मी जोत्यावर काकूंजवळ बसलेली असेन.

आवाज नाही आला, तर भांडायला मी आहेच.

तुझीच, आणि आपल्या पाटीवरच्या 'पी'ला जास्तीचे स्क्रू मारणारी,
नबीला